माग रिकामा होईपर्यंत

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक माग आहे आणि तो आमचा नाही.

घर आमचे आहे. त्याचा कोर्टाचा दाखला माझ्या पेटीत, मेणकापडात गुंडाळून ठेवलेला आहे. भिंती आमच्या, कौले आमची, मागची विहीर आमची, विहिरीवरचा रहाटसुद्धा आमचा. फक्त पुढच्या खोलीतली, रस्त्याकडच्या खिडकीखालची, सगळ्यात जास्त उजेडाची जागा तेवढी सोडून. तिथे सकाळी सातला ‘खटक्‌-खट, खटक्‌-खट’ सुरू होते ते दिवेलागणीपर्यंत. पाहुणे विचारतात, "खोली भाड्याने दिली का?" मी म्हणते, "नाही." "मग नातलग आहेत का?" मी म्हणते, "चहा घ्या."

दोष कोणाचा ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांचा वेळ जाणार नाही. माझा.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी सगळ्याच बायका करतात. मी ह्यांनी उमरेडला भावाकडे जाऊन काय काय बोलायचे त्याचीही यादी करून देते. (हे पोस्टात आहेत. यादी घेऊन जातात, वाचत नाहीत आणि परत आणून देतात.) घरात सगळे म्हणतात की मी फार व्यवस्थित आहे. माझेही तसेच मत होते.

राजधानी मुंबईला गेली त्या सुमाराची गोष्ट. अर्धे नागपूर पेट्या बांधून मुंबईला निघाले होते. ह्यांचे पोस्ट मात्र जागेवरच राहिले. आम्ही नागपुरातल्या महाल भागात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी नुकतीच शिवणकामाची सरकारी परीक्षा चाळिशीत पास झाले होते, आणि माझा शिवणवर्ग काढायचा हे मी मनाशी पक्के ठरवले होते. बारा मुली, चार यंत्रे, भिंतीवर एक घड्याळ. पण भाड्याच्या दोन खोल्यांत मी, हे आणि सासूबाई असे तिघे झोपलो की चौथे यंत्र आमच्या अंगावरच ठेवावे लागले असते. मला स्वतःचे घर हवे होते, आणि त्या घराला रस्त्याकडे खिडकी असलेली एक मोठी उजेडाची खोली हवी होती. बाकी घर कसेही असो.

एके दिवशी हे बातमी घेऊन आले.

"पाचपावलीपलीकडे एक घर लिलावात निघून राहिलं आहे. कोष्ट्याचं आहे. सावकाराकडे गहाण होतं, सुटलं नाही. कोर्ट विकणार."

"पुढची खोली कशी आहे?"

"मी काय आत जाऊन आलो?"

म्हणून मी गेले. एक्केचाळीस प्रश्नांची वही घेऊन गेले. वासे ठोकून पाहिले, विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल ते ऐकले, शेजारणीला विचारून पावसाळ्यात गल्लीत पाणी किती दिवस तुंबते ते लिहून घेतले. पुढच्या खोलीत आल्यावर माझे मनच हरखले. काय उजेड! खिडकीखाली जमिनीत खड्डा होता, खड्ड्यात पाय सोडून एक पन्नाशीचा माणूस मागावर लुगडे विणत बसला होता. मला खिडकीची रुंदी मोजायची होती म्हणून मी त्याला कोपर सरकवायला सांगितले. त्याने सरकवले. मी आभारही मानले नाहीत. वहीत ते कलम नव्हते.

शेवटच्या ओळीत मी लिहिले : ‘४१. पुढच्या खोलीत माग आहे. निघेल.’

लिलावाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात निम्मा मोहल्ला आला होता. चाळीसएक विणकर बाभळीखाली ओळीने बसले होते आणि कोणीच बोली बोलत नव्हता. एका तेलाच्या व्यापाऱ्याने तोंड उघडले, तेवढ्यात एका म्हाताऱ्याने त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले, ज्या नजरेने माणसे चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाकडे पाहतात तसे पाहिले, आणि तो केळी घ्यायला निघून गेला. घर आम्हाला मिळाले.

"पाहिलंत?" मी ह्यांना म्हटले. "तयारीनं आलं की बाकीचे आपोआप बाजूला होतात."

"एवढे सगळे?" हे म्हणाले.

ताबा घ्यायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. बेलिफ कागद घेऊन, सासूबाई कलश घेऊन आणि मी वही घेऊन. घर रिकामे होते. झाडून काढलेले होते, चुलीलासुद्धा पोतेरे फिरवलेले होते. सीतारामजी (म्हणजे कोपर सरकवणारे गृहस्थ) दाराशी उभे होते आणि त्यांची बायको भागाबाई उंबऱ्याबाहेर बसली होती. दोन गल्ल्या सोडून त्यांनी एक खोली घेतली होती. घर कसे गेले ते सीतारामजींनी न विचारता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसे सांगितले.

"माह्या साडूनं काटोलले संत्र्याचा बगीचा घेतला, मी जामीन राह्यलो. गारा त्याच्या बगीच्यावर पडल्या, घर माहं गेलं. गारांचा नेम पाहा कसा!"

आत खिडकीखाली माग तसाच होता आणि त्यावर अर्धे लुगडे.

बेलिफ म्हणाला, "माग जप्तीत नाही. कारागिराची हत्यारं कोर्ट घेत नसते. पण जागा बाईंची झाली. उचला आजच."

"उचलतो साहेब," सीतारामजी म्हणाले. "पण लुगडं अर्धं हाये."

"मग कापा."

भागाबाईने पदर तोंडाला लावला. आमच्याकडे विणकाम नाही, तरी मागावरचे अर्धे कापड कापू नये एवढे सासूबाईंना ठाऊक होते. त्या कलश घेऊन तशाच मागे फिरल्या.

"कोणाचं तरी अर्धं लुगडं कापून मी या घरात पाय टाकणार नाही. मी रिक्षात बसते."

आता इथे दुसरी एखादी बाई गोंधळली असती. मी वही उघडली.

"सीतारामजी, लुगडं पुरं व्हायला किती दिवस?"

"चार रोज."

"आणि या ताण्यात, म्हणजे मागावर ताणलेल्या या उभ्या सुतात, अजून किती लुगडी आहेत?"

"ह्याच्यामागं अजून दोन निघतीन, आठ-आठ रोजाचे."

म्हणजे वीस दिवस. आजारपण, सण, पाहुणे धरून तीस. मी उंबऱ्यावर बसले आणि एक कागद लिहिला : ‘मागावरचा ताणा संपून माग रिकामा होताच, त्या दिवसापासून आठ दिवसांत सीतारामजी यांनी माग उचलून जागा मोकळी करावी. तोपर्यंत त्यांना सकाळी सात ते दिवेलागण कामास येण्याची मुभा आहे. भाडे नाही.’ वाचून दाखवला. सीतारामजींनी मान तिरकी करून ऐकला.

"रिकामा होताच असं लिवलं ना, बाई?"

"रिकामा होताच."

"मंग चांगलं हाये. द्या, सही करतो."

त्यांनी सही केली. मागे उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या विणकरांनी साक्षीला सही केली. त्यातला एक तर कोर्टात व्यापाऱ्याच्या कानाशी लागलेलाच होता. त्याने सही करताना इतके मोठे स्मित केले की त्याचा उरलेला दातही मला दिसला.

घरी परत येताना हे म्हणाले, "त्या सगळ्यांना एवढा आनंद का झाला?"

"त्यांना माझा व्यवहार आवडला," मी म्हटले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही राहायला आलो आणि मी रोज भिंतीवर खडूने एक रेघ ओढू लागले. पहिले लुगडे निघाले, दुसरे निघाले. दरम्यान मी बारा मुलींची नावे घेतली, फी घेतली, चार यंत्रे सांगून ठेवली. एक छापील पत्रकही काढले. वर्ग दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुरू. त्यात, मुलींच्या आयांना भुरळ पडावी म्हणून, शेवटी एक ओळ टाकली : ‘सरावाचे कापड वर्गातर्फे मिळेल.’ ही ओळ कोणी घालायला सांगितली नव्हती. मला सुचली.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरे लुगडे कापून निघाले. मी स्वयंपाकघरातून माग बंद पडल्याचा आवाज ऐकला, म्हणजे आवाज थांबल्याचे ऐकले. हात पुसले, कागद घेतला, नारळ घेतला (निरोप नीट द्यावा म्हणून) आणि पुढच्या खोलीत गेले.

सीतारामजी आणि भागाबाई मागाच्या पलीकडे समोरासमोर मांडी घालून बसले होते. त्यांच्या मांडीवर सुताचा नवा कोरा ताणा होता. जुन्या ताण्याची शेवटची वीतभर टोके मागावरच लोंबत होती. भागाबाई एक जुने टोक उचलत होती, सीतारामजी एक नवे टोक, आणि बोटांची काहीतरी चिमूटभर हालचाल करून दोघे त्यांची गाठ मारत होते. मग पुढचे टोक. मग त्याच्या पुढचे.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"सांधून राह्यलो, बाई."

"काय सांधून राहिले?"

"ताणा. जुन्याले नवा."

"पण जुना संपला ना?"

"संपला कुठी?" त्यांनी लोंबणारी टोके दाखवली. "हे काय हाये."

मी खाली बसले. सीतारामजींनी मला शाळेतल्या मास्तरासारखे समजावून सांगितले. मागावरचा एक-एक धागा फणीच्या एक-एक दातातून ओवलेला असतो. असे दोन-अडीच हजार धागे. माग रिकामा केला तर ते सगळे पुन्हा डोळे फोडत ओवावे लागतात. म्हणून कोणताही शहाणा विणकर माग रिकामा करतच नाही. जुन्याच्या शेपटाला नवा बांधायचा आणि ओढून घ्यायचा.

"मग कधी रिकामा होतो?"

"हा माग माह्या आज्यानं रोवला," सीतारामजी म्हणाले. "मी तं नाही पाह्यला रिकामा."

खरे सांगायचे तर मला राग यायला हवा होता, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : किती व्यवस्थित पद्धत आहे. मी विणकर असते तर हेच केले असते. दुसरा विचार आला तो बारा मुलींचा. तिसरा आला त्या एकदंत साक्षीदाराचा, आणि लिलावात तो व्यापाऱ्याच्या कानात काय बोलला असेल त्याचा.

ह्यांच्या ओळखीचे एक वकील होते. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

"कोणी लिहिला?"

"मी."

"फार उत्तम लिहिला आहे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. यातून सुटायला कुठे फट नाही."

"त्यांना?"

"तुम्हाला," वकील म्हणाले.

घरी आले तर निराळाच प्रकार. सासूबाई पुढच्या खोलीत चरख्यावर बसून कांड्या भरत होत्या. कांड्या म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या लहान लहान नळ्या. महालात सासूबाईंना दिवसभर कोणी बोलायला नव्हते. इथे भागाबाई होती.

"अवं माय, तुमचा हात किती चालते!" भागाबाई म्हणत होती. "माह्या सुनेले नाही जमत असं."

"सुनांचं काही विचारू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि मला पाहून घाईघाईने सुताकडे बघू लागल्या.

संध्याकाळी हे पोस्टातून आले की टोपीसुद्धा न काढता मागाशेजारच्या बाकावर बसू लागले. जगाच्या सगळ्या बातम्या आधी सीतारामजींना. मला त्या जेवताना शिळ्या मिळत. "सीतारामजी म्हणत होते" अशी वाक्याची सुरुवात आमच्या घरात एवढी वाढली की मी एक दिवस मोजून पाहिले. अकरा वेळा. घराची मालकीण मी होते आणि घरातली माणसे त्यांची झाली होती!

मी वहीत नवे पान काढले आणि चार दिवस त्या मागाचे निरीक्षण केले. कोणाशी न भांडता, कागदाच्या बाहेर न जाता, माग रिकामा कसा होईल? उत्तर मला भागाबाईने दिले, अगदी भोळेपणाने. मी सहज विचारले होते की या मागावर दुसरे कापड निघते का.

"निघते नं बाई. पण जाडं सूत घेतलं तं ते ह्या फणीतून जात नाही. मंग दुसरी फणी लावा लागते. सारे धागे काढा लागते. म्हणून ह्यानं जिंदगीत जाडं नाही घेतलं."

सारे धागे काढा लागते! मी आत जाऊन ते लिहून घेतले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी मी सीतारामजींपुढे जाऊन उभी राहिले. "मला वर्गासाठी सरावाचं कापड पाहिजे. बारा मुलींचं. पत्रकात छापलं आहे. तुम्हीच विणून द्या."

त्यांचा चेहरा उजळला. "काहून नाही देणार? बारीक देऊ?"

"जाडं," मी म्हटले.

धोटा हातातच राहिला. "जाडं?"

"चांगलं जाडं. मुलींना सुई धरता येत नाही अजून."

त्यांनी फणीच्या दातांवरून बोट फिरवले.

"फणी बदला लागन, बाई."

"बदला."

"माग उघडा पडन."

"पडू दे," मी म्हटले, आणि भिंतीवरच्या खडूच्या रेघांकडे पाहिले, कारण त्यांच्याकडे पाहवेना.

ते न समजण्याइतके भोळे नव्हते. पण धंद्यात मिळालेले काम परत पाठवणाऱ्यांतलेही नव्हते. "गिऱ्हाईकाले नाही कसं म्हनू," एवढे म्हणून त्यांनी सूत लिहून घेतले. त्या दिवसापासून भागाबाई माझ्याशी बोलेना. सासूबाईही बोलेनात. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून विचारले, "त्या माणसाच्या नव्या खोलीत फरशी आहे. मालक खड्डा खणू देत नाही. माग कुठे नेणार आहे तो?"

मी म्हटले, "ते माझ्या यादीत नाही."

असे मी म्हटले होते. लिहून टाकलेले बरे.

मागावरचा ताणा विणून संपला, आणि दसऱ्यानंतरच्या गुरुवारी माग उघडा पडला. बघायला मोहल्ला लोटला. खिडकीत माणसे, दारात माणसे, ओट्यावर माणसे. सीतारामजींनी जुने धागे ओढून काढले आणि भागाबाईने त्यांची एक गुंडी करून पदराच्या टोकात बांधली. मागाचा नुसता लाकडी सांगाडा उरला. भागाबाईने त्याला हळदकुंकू लावले.

मी पुढे झाले. हातात कागद होता. घसा साफ केला आणि ते कलम वाचले. माझा आवाज मला स्वतःलाच बेलिफासारखा वाटला.

सीतारामजी म्हणाले, "बराबर हाये. कागद तं कागद हाये." आणि ते खांबाचे दोर सोडायला लागले. दोन दोर सोडले, मग थांबले. "बाई, तुमचं सूत कुठी पोचवू?"

"कुठलं सूत?"

"जाडं. खळ पाजून, वाळवून, ताणा करून तयार हाये. माग नाही तं मी इनणार कशावर?"

"दुसऱ्या कोणाच्या मागावर विणा."

खिडकीतून तो एकदंत साक्षीदार म्हणाला, "आमच्या साऱ्यांच्या मागावर ताणा हाये, बाई. आमचे नाही होत रिकामे."

सगळा मोहल्ला माझ्याकडे पाहत होता. मी वही उघडली, कारण अडचणीत मला दुसरे काही सुचत नाही. सोमवारी वर्ग. बारा मुली. फी घेतलेली. ‘सरावाचे कापड वर्गातर्फे मिळेल.’ त्यापुढे मी आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती, लाल शाईने. कापड एक वारही नव्हते. फीचे पैसे यंत्रांत आणि सुतात गेले होते, बाजारातून कापड आणायला काही उरले नव्हते, आणि माझे सगळे सूत तर सीतारामजींच्या टोपलीत ताणा होऊन बसले होते.

हे गर्दीतून पुढे आले. आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती आणि त्या बावीस वर्षांत हे कधी चारचौघांत पुढे आले नव्हते.

"कागदात आठ दिवसांची मुदत आहे ना?" त्यांनी विचारले.

"आहे."

"आठ दिवसांत काय होतं, सीतारामजी?"

"आठ दिवसांत तं ताणा चढते, भाऊ. वारभर कापडबी निघते."

सीतारामजी दोर हातात धरून उभे होते. त्यांनी विनवणी केली नाही. केली असती तर मला सोपे गेले असते. विनवण्यांना काय उत्तर द्यायचे ते मला येते. ते फक्त वाट पाहत होते, गिऱ्हाईक काय सांगते याची.

"चढवा," मी म्हटले.

"काय म्हनता, बाई?" एकदंताला बरोबर ऐकू आले होते. त्याला पुन्हा ऐकायचे होते.

"ताणा चढवा म्हटलं! माझं कापड आहे!"

असे मी स्वतः, स्वतःच्या तोंडाने, मोहल्ल्यासमोर सांगितले. सासूबाईंनी आतून गूळ आणून सगळ्यांना वाटला. नारळही फोडला, तो मी निरोपासाठी आणून ठेवलेलाच होता.

सोमवारी वर्ग सुरू झाला, मधल्या खोलीत. दोन यंत्रे मधल्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या दारात आणि चौथे सासूबाईंच्या खाटेच्या पायथ्याशी. ज्या मुलींना माप घ्यायला उजेड हवा असे त्या पुढच्या खोलीत मागाच्या कडेने उभ्या राहत. पहिले दोन दिवस कापड नव्हते म्हणून मी त्यांना वर्तमानपत्रावर शिवायला शिकवले. ह्यांना बातम्या टाके घातलेल्या मिळाल्या. तिसऱ्या दिवसापासून मागावरून गरम गरम पोळीसारखे कापड येऊ लागले.

मी मनाशी ठरवले होते, हा जाड ताणा संपू दे, मग पुढचे सूत द्यायचेच नाही. बघू कसा सांधतात. पण बारा मुली किती वेगाने कापड वाया घालवतात याचा अंदाज परीक्षेला शिकवत नाहीत. एका मुलीने एका आठवड्यात तीन पोलकी शिवली आणि तिन्हींना मिळून चार बाह्या होत्या. ताणा संपत आला तसा सीतारामजींनी मागावरून आवाज दिला, "बाई, शेपूट राह्यलं. काय करू?"

मी कात्री हातात घेऊन दाराशी उभी राहिले. एक शब्द न बोलता नुसती गप्प राहिले असते तरी माझी खोली मला मिळाली असती.

"सांधा," मी म्हटले. "आणि या वेळी लवकर. मुली खोळंबल्या आहेत."

आता चार वर्षे झाली. वर्गात मुली वीस झाल्या आहेत. गेल्या महिन्यात भागाबाई मुलीच्या बाळंतपणाला उमरेडला गेली. सांधायला दोन माणसे लागतात. सीतारामजी एकटे होते, सासूबाईंना आता धागा दिसत नाही, आणि मुलींना कापड उद्याच हवे होते. म्हणून मी पदर खोचला आणि मागाच्या पलीकडे मांडी घालून बसले. शिवणकामाची सरकारी परीक्षा पास झालेली बाई मी. मला वाटले, गाठ ती काय!

"ढिली," सीतारामजी म्हणाले.

मी दुसरी मारली.

"हेबी ढिली. सोडा. आंगठा खाली घ्या. तो आंगठा नव्हे."

दुपारपर्यंत माझ्या केसांत, भुवयांत, नथीत सुताची धूळ बसली होती. तेवढ्यात मोहल्ल्यात मागांची नोंद करत फिरणारा एक सरकारी कारकून दारात आला. तरुण, नवा, हातात मोठे रजिस्टर. त्याने सीतारामजींचे नाव लिहिले, मागाचे माप लिहिले आणि मग पेन्सिलीने माझ्याकडे खूण केली.

"आणि ह्या कोण?"

मी बोलणार होते. कोर्टाच्या दाखल्यापासून सगळे सांगणार होते. पण माझ्या एका हातात जुने टोक होते, दुसऱ्या हातात नवे, आणि तिसरे सुटू नये म्हणून मी दातांत धरले होते.

सीतारामजींनी मानही वर केली नाही.

"नव्या हायेत," ते म्हणाले. "शिकून राहिल्या. घरच्याच समजा."

कारकुनाने लिहून घेतले. मी दातांतला धागा सोडला नाही. सुटला असता तर पुन्हा बोलणी खावी लागली असती, आणि तीही बाहेरच्या माणसासमोर.